कॅल्शियम ॲसिटेट की सेव्हेलामर?

डायलिसिसवरच्या आईसाठी एकीने विचारलं: रक्तातला फॉस्फरस 7 च्या खाली येत नाही, स्वस्त गोळी (कॅल्शियम ॲसिटेट) चालू ठेवू की महागडी (सेव्हेलामर) घेऊ?

फॉस्फरस दोन्ही उतरवतात, त्यात फार फरक नाही. अन्नातला फॉस्फरस पोटातच बांधून ठेवणं हे त्यांचं काम, म्हणून दोन्ही जेवतानाच घ्यायच्या. जेवल्यावर तासाभराने आठवली तर गोळी जवळपास वाया. (गोळी जेवतानाच घेतली जाते ना, आधी हेच तपासा.)

खर्चात ॲसिटेट सरळ जिंकते. सेव्हेलामरच्या गोळ्या मोठ्या, अख्ख्या गिळायच्या, दिवसाला बऱ्याच, आणि बद्धकोष्ठ होतं ते वेगळंच.

खरा प्रश्न कॅल्शियमचा. 667 मिलिग्रॅमच्या ॲसिटेट गोळीत 169 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. सेव्हेलामरमध्ये ते नाहीच. जास्तीचं कॅल्शियम काही रुग्णांत त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्यांत साचतं: मांडीवर, पोटावर जांभळट जाळी, चादर लागली तरी कळवळावं अशी वेदना, मग काळी जखम. हा कॅल्सिफिलॅक्सिस. दुर्मीळ, पण जीवघेणा.

रक्तातलं कॅल्शियम कमी आणि खिसा तंग असेल तर ॲसिटेट, मोजक्या डोसात. कॅल्शियम वरच्या टोकाला असेल किंवा वॉरफॅरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध, यानेही कॅल्सिफिलॅक्सिसचा धोका वाढतो) चालू असेल, तर नेफ्रॉलॉजिस्टशी बोलून सेव्हेलामर. असे चट्टे दिसले तर मात्र गोळीची निवड बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.