लाईटबिल: भाड्यात धरून, माणशी, की सबमीटर?

मुंबईत घरमालक राहतो त्याच फ्लॅटमधली एखादी खोली घेताना भाडं आणि डिपॉझिटवर भरपूर घासाघीस होते. लाईटबिलाचं मात्र ‘बघू नंतर’. भांडणं नेमकी तिथूनच सुरू होतात.

बिल भाड्यात धरलेलं असलं की हिशेबाची कटकट नाही. दिवसभर ऑफिसात असणाऱ्या, एसी नसलेल्या माणसाला ते थोडं महाग पडतं, कारण मालक आपली बाजू राखूनच आकडा सांगतो. शिवाय “काल रात्रभर पंखा चालू होता वाटतं?” हेही ऐकावं लागतं.

माणशी वाटणी दिसायला न्याय्य असते. पण दीड टनाचा एसी तासाला एक ते दीड युनिट खातो आणि दोन किलोवॅटचा गीझर सलग तासभर तापला तर दोन युनिट. एसीवाल्या खोलीतला एकजण आणि पंख्यावर भागवणारा दुसरा यांना सारखंच बिल कसं? चार मित्रांनी मिळून अख्खा फ्लॅट घेतला असेल तर ठीक. मालकाच्या कुटुंबाबरोबर राहताना नकोच.

मी सबमीटरच्या, म्हणजे फक्त तुमच्या खोलीची वीज मोजणाऱ्या वेगळ्या मीटरच्या बाजूने आहे, पण दर आधी ठरवून. बेस्ट असो की अदानी, घरगुती वीज टप्प्याटप्प्याने महागते: १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा, त्यापुढे चौथा. समजा महिन्याला ३४० युनिट जळले, त्यातले तुमचे १२०. मालक म्हणणार, तुमच्यामुळे बिल तिसऱ्या टप्प्यात गेलं, तेव्हा तुमचे सगळे युनिट त्याच दराने. हे चूक. वरच्या दराने फक्त शेवटचे ४० युनिट लागतात. सोपा तोडगा म्हणजे एकूण बिल भागिले एकूण युनिट, गुणिले तुमचे युनिट. बिल ३,४०० रुपये आलं असेल तर तुमचे १,२००. स्थिर आकार त्यातच आला. मात्र दर महिन्याला मूळ बिल बघायला मिळालं पाहिजे. ते दाखवायला कां-कूं करणाऱ्या मालकाकडे सबमीटर असून उपयोग नाही.

वॉशिंग मशीनवरून होणारी धुसफूस बहुतेकदा विजेच्या नावावर खपते. गार पाण्यातली एक धुलाई सहसा अर्ध्या युनिटच्या आतच होते. खरा प्रश्न पाण्याचा आणि दोरीचा. इमारतीत पाणी ठरावीक वेळीच येत असेल तर मशीनला कुणाचा नंबर, आणि जुलैत गॅलरीतली दोरी कुणाची? आठवड्याचे वार वाटून घ्या. मशीन बिघडलं तर खर्च कुणाचा, हेही तेव्हाच ठरवा. त्यावर एकमत होत नसेल तर चादरी लाँड्रीत आणि रोजचे कपडे बादलीत, हे स्वस्तात सुटणं आहे.

हे सगळं लिव्ह अँड लायसन्स करारात लिहून घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. “आपल्यात कशाला कागद” म्हणणाऱ्या काकांना हे जरूर सांगा.

किल्ली घ्याल आणि परत द्याल त्या दोन्ही दिवशी सबमीटरचा फोटो काढून मालकाला व्हॉट्सॲप करा. शेवटचं बिल तुम्ही गेल्यावर येतं आणि डिपॉझिटमधूनच कापलं जातं.