स्लॅब लिफ्टचा ८ मिमी वायर रोप: बेळगावच्या बाजारातले तीन प्रकार

वाळू, खडी, चिरे वर चढवणाऱ्या ५०० किलोच्या लिफ्टसाठी दुकानात रोप मागितला की सहसा तीनपैकी एक पुढे येतो: काळा, म्हणजे जस्ताचा थर नसलेला, ६×१९ फायबर कोअर (आत सुतळीचा गाभा), तोच गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेला, किंवा गॅल्व्हनाइज्ड ६×३६ स्टील कोअर (आत पोलादी गाभा). निकाल आधीच सांगतो. खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या पावसात तिसराच घ्या. निपाणी-चिकोडीकडे काळाही चालेल, मात्र साइटवर त्याला वेळेवर तेल देणारा माणूस हवा. मधला, म्हणजे गॅल्व्हनाइज्ड फायबर कोअर, आम्हाला विशेष पटत नाही. जस्ताचा थर बाहेरून गंज अडवतो, पण आतला सुतळीचा गाभा कोरडा पडला की पाणी धरून ठेवतो आणि रोप आतून कुजायला लागतो.

आकड्यांचा अर्थ साधा आहे. सहा पेड, प्रत्येक पेडात १९ किंवा ३६ तारा. १९ वाल्याच्या तारा जाड, त्या घासायला दणकट पण वळायला ताठ. ३६ वाल्याच्या बारीक, त्यामुळे तो छोट्या पुलीवर सहज वळतो, पण स्लॅबच्या कडेला घासला तर लवकर झिजतो. कडेवर रोळ किंवा लाकडी पट्टी लावायची नसेल तर ६×३६ चे जादा पैसे घालवू नका.

ताकदीचा हिशेब दुकानदाराच्या तोंडी शब्दावर सोडू नये. १७७० ग्रेडचा (ग्रेड म्हणजे तारेच्या ताकदीचा आकडा) ८ मिमी फायबर कोअर रोप सुमारे ३.८ टनाला तुटतो, स्टील कोअर ४.१ टनाला. सहापट सुरक्षितता धरली तर फायबर कोअरवर ६३० किलोच्या आसपास वजन बसतं. टोकाला बुलडॉग क्लॅम्प, म्हणजे यू-बोल्टने दोर आवळणारी पकड, असेल तर रोपाची जवळपास ८० टक्केच ताकद हाती राहते, म्हणजे ५०० किलो. त्यात बादली, हूक आणि मोटर सुरू होतानाचा हिसका आलाच. म्हणून ५०० किलोची पाटी असलेल्या लिफ्टवर फायबर कोअर लावला तर ५०० किलो माल भरायचा नाही. आणि हे सगळं मालासाठी. या लिफ्टने माणूस वर न्यायचा नाही, सहापट असो की काहीही असो.

घेताना व्हर्नियर सोबत ठेवा. माप पेडांच्या उंचवट्यावरून घ्यायचं, खाचांवरून घेतलं तर कमी भरतं. नवा ८ मिमी रोप ८ किंवा किंचित जास्त भरला पाहिजे, ७.७ भरला तर तो ८ मिमीचा नाहीच. दुसरी खूण वजनाची: फायबर कोअरचे १०० मीटर सुमारे २३ किलो. कॉइलवरचा टॅग आणि टेस्ट सर्टिफिकेट मागा, त्यावर आयएस २२६६ (वायर रोपचं भारतीय मानक) आणि ग्रेड लिहिलेली असते. टॅग नसलेला रोप स्वस्त मिळाला तरी नको.

आता खरी तक्रार, आणि ती रोपाविरुद्ध नाही. रोप अकाली जातो तो पुली, ड्रम आणि क्लॅम्पमुळे. पुलीचा व्यास रोपाच्या निदान १८ पट हवा, म्हणजे ८ मिमीला साधारण १४५ मिमी, सहा इंची पुली. चार इंची लावली की तारा वळणावर थकतात आणि बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या रोपात तुटायला लागतात. जुन्या पुलीच्या खाचेत रोपाचे वळ उमटले असतील तर त्या पुलीवर नवा रोप चढवू नका, तो तिथेच कापला जाईल. खाच पुन्हा खरडून घ्यायला बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथची कमी नाही. ड्रमची रुंदी ३०० मिमी असेल तर पहिली पुली पाच-सहा मीटर लांब आणि ड्रमच्या मध्यासमोर हवी. जवळ बसवली की वेढे एका बाजूला चढतात आणि खालचे चेपतात. हूक अगदी खाली टेकला तरी ड्रमवर निदान तीन वेढे राहिले पाहिजेत.

क्लॅम्पमध्ये सगळ्यात जास्त चुका होतात. ८ मिमीला निदान तीन, एकमेकांपासून सुमारे ५० मिमीवर, आणि टोक वळवून केलेल्या डोळ्यात (फाशात) थिंबल, म्हणजे दोर घासू नये म्हणून बसवायची धातूची खोबण, हवंच. क्लॅम्पचा खोबणीवाला भाग भार घेणाऱ्या बाजूला, यू-बोल्ट मोकळ्या टोकाकडे. उलटा बसवला तर यू-बोल्ट भाराच्या दोरात रुततो. एक सुलट, एक उलट असा बसवलेला तर कुठेही दिसेल, आणि तो तितकाच चुकीचा. पहिला भार उचलल्यावर रोप किंचित बारीक होतो, नट ढिले पडतात. ते लगेच पुन्हा आवळायचे. ओतीव ठिसूळ क्लॅम्पऐवजी फोर्ज्ड, म्हणजे ठोकून घडवलेले, घ्या. इथे कंजुषी करून रोपावर खर्च करण्यात काही अर्थ नाही.

कॉइल जमिनीवर आडवी टाकून टोक ओढू नका. कॉइल फिरवत सोडा, नाहीतर पीळ बसून फास पडतो. फास ओढून सरळ केला तरी आतल्या तारा वाकलेल्याच राहतात, तेवढा भाग वापरायचा नाही. कापण्याआधी कापायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना बाइंडिंग वायर घट्ट गुंडाळा.

तेलाचं म्हणाल तर गाडीतून काढलेलं जळकं ऑइल नकोच. त्यात आम्ल आणि धातूचा कीस असतो. रोपासाठीचं पातळ, आत मुरणारं वंगण आधी ब्रशने धूळ झाडून लावा. जाड ग्रीस फक्त वर बसतं आणि रेती धरून ठेवतं. खानापूरकडची तांबडी माती आणि गंज सारखेच दिसतात, म्हणून कोरडा तारेचा ब्रश मारून बघा: माती निघून जाते, गंजाचे खड्डे राहतात. पेडांमधून लाल भुकटी येत असेल तर आतून गंज धरला आहे, तेव्हा तेल घालून उपयोग नाही.

पाहणी रोज सकाळी, भार नसताना, जाड कातडी हातमोजे घालून. ८ व्यास लांबीत, म्हणजे ६४ मिमीत, एकूण तारांच्या १० टक्क्यांहून जास्त तुटक्या दिसल्या तर रोप बाद. ६×१९ मध्ये ११४ तारा असतात, तेव्हा बारावी तुटकी तार दिसली की संपलं. ६×३६ मध्ये २१६ तारा, तिथे बावीसावी दिसली की संपलं. फायबर कोअर रोप ७.२ मिमीपर्यंत झिजला की तोही उतरवा. क्लॅम्पच्या तोंडाशी तार तुटली असेल तर टोक कापून जोड नव्याने करा, आणि ड्रमवर तीन वेढे उरतात का ते पुन्हा मोजा.

बाद रोप भंगारात देताना तुकडे करूनच द्या. अखंड दिला तर तो कुठल्यातरी दुसऱ्या साइटवर स्लिंग, म्हणजे माल बांधून उचलायचा दोर, म्हणून परत येतो.