झोप मोजणारा बँड: साखर काठावर असेल तर घ्यावा का?

घ्यावा, पण एकाच कामासाठी: रोज किती तास झोप होते आणि ती किती वाजता लागते, हे पाहायला.

हे काम छोटं नाही. १९९९ साली शिकागो विद्यापीठाच्या प्रयोगात ११ निरोगी तरुणांना सलग ६ रात्री फक्त ४ तास अंथरुणावर राहू दिलं. पुरेशा झोपेच्या तुलनेत त्यांच्या रक्तातली साखर कमी होण्याचा वेग सुमारे ४० टक्क्यांनी मंदावला. झोप कमी पडली की पेशी इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत आणि संध्याकाळी उतरायला हवं ते कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक चढंच राहतं. प्रौढांना किमान ७ तास झोप हवी. आपण तेवढी घेतो असं अनेकांना वाटतं, कारण हिशेब दिवा मालवल्यापासून धरलेला असतो. तो गैरसमज बँड दूर करतो.

तरीही आकडा थोडा फुगलेलाच असतो. बँड हालचाल आणि नाडी टिपतो. जागे असूनही स्वस्थ पडून राहिलं, तर तो वेळही झोपेत धरला जातो.

‘गाढ झोप’ हा रकाना मात्र भरवशाचा नाही. ती नीट ओळखायला मेंदूच्या लहरी मोजाव्या लागतात, आणि मनगटावर त्या मिळत नाहीत. हीच मोठी उणीव आहे. २००८ च्या एका प्रयोगात झोपेचे तास तेवढेच ठेवून ३ रात्री आवाजाने फक्त गाढ झोप मोडली, तरी इन्सुलिनचा परिणाम सुमारे २५ टक्क्यांनी घटला.

बँड मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, घसरणार नाही इतपत घट्ट बांधा. सैल पट्ट्यात नाडी चुकते. १४ रात्रींची सरासरी काढा, सुट्टीच्या रात्री वेगळ्या धरा. चार्जिंग अंघोळीच्या वेळी करा, नाहीतर नेमक्या रात्रीच नोंदीतून सुटतात.

घोरणं मोठं असेल किंवा गुदमरून जाग येत असेल, तर बँडवर रक्तातला ऑक्सिजन ठीक दिसला म्हणून थांबू नका. स्लीप टेस्ट करा. स्लीप अॅप्नियामुळेही, म्हणजे झोपेत श्वास वारंवार अडण्यामुळेही, मधुमेहाचा धोका वाढतो.

सुई न टोचता साखर दाखवणारं घड्याळ विकत घेऊ नका. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्ये अशा घड्याळांबद्दल आणि अंगठ्यांबद्दल सावध केलं होतं. साखरेसाठी एचबीए१सी, म्हणजे साधारण ३ महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, करा. ५.७ ते ६.४ टक्के म्हणजे काठावर. झोपेची वेळ बदलल्यावर ३ महिन्यांनी एचबीए१सी पुन्हा करा, कारण त्याआधी या तपासणीत बदल पुरता उमटत नाही.