गेटिसबर्ग की शार्प्सबर्ग? हाताशी एकच दिवस असेल तर

अमेरिकी यादवी युद्धाचं एखादं मैदान नीट पाहायचं आणि सुट्टी एकाच दिवसाची, तर वॉशिंग्टनच्या बाजूने निघणाऱ्यांपुढे ही दोन नावं हटकून येतात: पेनसिल्व्हेनियातलं गेटिसबर्ग आणि मेरीलँडमधलं शार्प्सबर्ग, म्हणजेच अँटिटमचं रणांगण. गाडीने दोन्ही साधारण दीड तासावर. एका दिवसात दोन्ही उरकायला जाऊ नका, एकही धड होत नाही.

गेटिसबर्गची बाजू भक्कम आहे. १ ते ३ जुलै १८६३ अशी तीन दिवसांची लढाई. मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून सुमारे ५१,००० माणसं. मैदानावर १,३०० हून जास्त स्मारकं आणि खुणा आहेत. परवानाधारक वाटाडे १९१५ पासून आहेत आणि ते तुमच्याच गाडीत बसून फिरवतात. लिंकनने प्रसिद्ध भाषण केलं ती दफनभूमी इथेच. खाण्याराहण्याची सोय उत्तम, मैदान पाहायला पैसे नाहीत, तिकीट फक्त संग्रहालयाला.

खुणांची भाषा आधी समजून घ्या. ब्रिगेडच्या, म्हणजे अनेक रेजिमेंटांच्या मिळून झालेल्या मोठ्या तुकडीच्या, फलकाचा चौथरा चौकोनी असेल तर ती उत्तरेच्या म्हणजे संघराज्याच्या फौजेची, गोल असेल तर दक्षिणेच्या म्हणजे फुटून निघालेल्या राज्यांच्या. तोंड वर करून उभी केलेली तोफ म्हणजे सेनापतीचं ठाणं. रेजिमेंटच्या स्मारकाच्या दोन्ही अंगांना ‘एल.एफ.’ (लेफ्ट फ्लँक, डावी बाजू) आणि ‘आर.एफ.’ (राइट फ्लँक, उजवी बाजू) कोरलेले बुटके दगड दिसले, तर तेवढी त्या तुकडीची रांग होती असं समजायचं. अनेकजण हे दगड न पाहताच पुढे जातात. खरं तर फौजेची रुंदी डोळ्यांना दिसते ती त्यांच्यामुळेच.

माझं मन मात्र अडतं ते ब्रिगेडच्या फलकांपाशी. एकाच फलकावर १ जुलै, २ जुलै, ३ जुलै अशी तिन्ही दिवसांची हकिगत, आणि फलक उभा एकाच जागी. आपण उभे आहोत ती जागा यातल्या कोणत्या ओळीची, हे दर वेळी नकाशावर शोधावं लागतं. शेजारच्या स्मारकाचा दिवस आणखी वेगळा असू शकतो. त्यात हँकॉक अव्हेन्यूसारखे रस्ते एकेरी. एखादा थांबा हुकला की मोठा वळसा. दोन दिवस असतील तर हे सगळं सोसतं. एका दिवसात निम्मा वेळ जुळवाजुळवीतच जातो.

शार्प्सबर्गला हा घोळ नाही, कारण लढाईच एका दिवसाची: १७ सप्टेंबर १८६२. मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून सुमारे २३,००० माणसं एका दिवसात. पहाटे मक्याचं शेत, दुपारी खोलगट वाट, मग उत्तरेच्या जनरल बर्नसाइडच्या नावाचा पूल आणि संध्याकाळपर्यंत त्यापलीकडची टेकाडं. साडेआठ मैलांचा गाडीरस्ताही याच क्रमाने उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरतो. घड्याळ आणि जमीन बरोबरच चालतात. एकाच ब्रिगेडचे फलक ती जिथे जिथे लढली तिथे वेगवेगळे लावलेत. त्यांचा मजकूर एझ्रा कार्मन यांचा, आणि ते स्वतः या लढाईत होते.

उणिवा आहेतच. बिडाचे हे फलक दाटीने भरलेले, सेनानींच्या नावांनी गजबजलेले. नकाशा हातात नसेल तर डोक्यावरून जातात. स्मारकं शंभराच्या आत आणि बहुतेक उत्तरेची, त्यामुळे दुसरी बाजू वाचायची तर ‘सी.एस.ए.’ (कॉन्फेडरेट स्टेट्स ऑफ अमेरिका, म्हणजे दक्षिण) असं शीर्षक असलेले फलक शोधावे लागतात. प्रवेशशुल्क आहे. सावली कमी, गावात खायची ठिकाणं मोजकी, तेव्हा पाणी आणि डबा सोबत ठेवा. उंच गवतात गोचिड्या असतात, पायमोजे वर ओढून घ्या. आणखी एक: इथे तोंड खाली करून दगडात रोवलेली तोफ दिसली तर ते ठाणं नव्हे. तिथे एक जनरल ठार झाला किंवा प्राणघातक जखमी झाला, अशा सहा तोफा आहेत.

खोलगट वाटेवरच्या दगडी मनोऱ्यावर आधी चढू नका. वरून जमीन सपाट भासते. आधी वाटेत उतरा. समोरचा उंचवटा असा आडवा येतो की चालून येणारी फौज अगदी जवळ येईपर्यंत दिसणार नाही. मग मनोरा चढा.

पुलापाशी गाडी वरच्या टेकाडावर लावतात, म्हणजे पूल पहिल्यांदा दिसतो तो दक्षिणेच्या बंदूकधाऱ्यांच्या जागेवरून. तिथूनच परत फिरू नका. खाली उतरा, पूल ओलांडा आणि पलीकडून वर पाहा. बारा फूट रुंदीच्या त्या पुलावर उभं राहिलं की दक्षिणेतल्या जॉर्जिया राज्याच्या जेमतेम पाचशे लोकांनी एवढ्या मोठ्या फौजेला कितीतरी तास कसं अडवून धरलं, ते फलक न वाचताही कळतं.