१० बाय ५० दुर्बीण : रात्रीच्या लाईटवाल्यांसाठी

आमच्या अंबाजोगाईच्या बाजूला रब्बीत शेतीची लाईट बऱ्याचदा रात्रीची. हरभऱ्याची दारं धरता धरता मध्यरात्र होते. त्या वेळेसाठी घेतलेली ही दुर्बीण. दहापट जवळ दाखवते, पुढचं भिंग ५० मिलिमीटरचं. '५०० पट' छापलेला खेळण्यातला टेलिस्कोप घेऊ नका. त्यात एक तारा सापडेपर्यंत इकडं वाफा फुटतो. हिच्यात एका वेळी सहाएक अंश आकाश मावतं.

डिसेंबर-जानेवारीत मृग वर आलेला असतो. (जूनमध्ये मृग निघाला म्हणून आपण पेरणीची घाई करतो, तेव्हा सूर्यच तिथं असतो; तारे दिसणार कुठून?) बाणाच्या तीन ताऱ्यांखाली राखाडी धुरकट डाग दिसतो. तो तेजोमेघ, म्हणजे वायू-धुळीचा ढग, सुमारे १,३५० प्रकाशवर्षं लांब, आणि तिथं नवे तारे तयार होतायत. फोटोतला गुलाबी रंग मात्र विसरा. कृत्तिकांत नुसत्या डोळ्यांना सहा तारे, हिच्यातून मोजायचं मी सोडून दिलं. गुरूचे चार चंद्र दिसतात. शनीची कडी दिसत नाही. दुकानदार 'दिसते' म्हणाला तर नुसतं हसा.

उन्हाळ्यात माळवदावर. मे महिन्यात दहाच्या सुमारास दक्षिणेला, क्षितिजापासून चोवीसएक अंशांवर, नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी बघाच. लाखो ताऱ्यांचा गुच्छ, पण दिसतो धुक्याच्या गोळ्यासारखा. दिल्लीत तो चौदाच अंश वर येतो. आपण १८-१९ अक्षांशावर राहतो त्याचा हा फायदा. पुढं वृश्चिकाच्या नांगीजवळचे दोन गुच्छ, ते बघून होईतो आभाळ भरून येतं. मग दुर्बीण सिलिका जेलच्या पुड्यांसकट घट्ट झाकणाच्या डब्यात, नाहीतर भिंगांना बुरशी धरते.

खोट म्हणाल तर वजन. किलोभराच्या आसपास, हात थरथरतो आणि गुरूचे चंद्र नाचायला लागतात. मी फावड्याचा दांडा उभा धरून त्यावर टेकवतो, लई फरक पडतो. सोबतची पिशवी टाकाऊ.

घेताना हातभर लांब धरून उजेडाकडं करा. डोळ्याकडच्या भिंगांतली उजेडाची वर्तुळं पूर्ण गोल पाहिजेत. कडा चौकोनी कापल्यासारख्या असतील तर आतले प्रिझम हलक्या काचेचे. मग लांबच्या मोबाईल टॉवरकडं बघा. एकाचे दोन दिसले किंवा डोळे ओढले गेले, तर तो नग परत द्या आणि दुसरा मागा.