बेसमेंटमधल्या दोन नळ्या

न्यू जर्सीत घर शोधणाऱ्या मराठी मंडळींसाठी लिहितेय. १९५०-६० च्या काळातलं घर 'पूर्ण नवं केलेलं' म्हणून दाखवत असतील, तर सही करण्याआधी हे वाचा.

आमचं घर १९५६ चं, मिडलसेक्स काउंटीतलं. एका एलएलसीने (मर्यादित जबाबदारीच्या खासगी कंपनीने) ते सात महिन्यांपूर्वीच घेऊन नवं करून विकायला काढलं होतं. पांढरी कपाटं, क्वार्ट्झचा ओटा, मागे ताजा काँक्रीटचा पॅटिओ. बघताक्षणी आम्ही भुललो. दोन दिवसांत ऑफर द्यायची होती. इन्स्पेक्शन केलं, छप्पर, बॉयलर, नळ, विजेचा पॅनल, सगळं बघून झालं. टँक स्वीपचं, म्हणजे जमिनीत तेलाची जुनी टाकी पुरलेली आहे का हे यंत्राने तपासण्याचं, विचारलं तर एजंट म्हणाला, "गॅसचं घर आहे, कशाला खर्च करता?" काहीशे डॉलरचं काम होतं ते. आम्ही सोडून दिलं.

त्या काळात इथली कित्येक घरं तेलावर तापायची. तेलाची लोखंडी टाकी अंगणात पुरलेली असायची. पुढे गॅस आला, टाक्या तशाच जमिनीत राहिल्या. त्या गंजतात, उरलेलं तेल मातीत झिरपतं, आणि निस्तरायची जबाबदारी येते आजच्या मालकावर.

पहिल्याच पावसाळी आठवड्यात बेसमेंटमध्ये रॉकेलसारखा वास येऊ लागला. शेजारच्या आजी सहज बोलून गेल्या, "पूर्वी इथे तेलाचा ट्रक यायचा." ते ऐकून मी टॉर्च घेऊन खाली गेले. बॉयलरमागच्या भिंतीतून, जमिनीलगत, करंगळीपेक्षा बारीक दोन तांब्याच्या नळ्या बाहेर आल्या होत्या. टोकं पक्कडीने चेपलेली आणि त्यावर भिंतीचाच पांढरा रंग. नखाने खरवडला तर खालचं तांबं चमकलं. बर्नरला तेल नेणाऱ्या त्याच नळ्या. घर बघायला आलो तेव्हा तिथे कपाट उभं होतं.

पॅटिओ फोडावा लागला. टाकी त्याच्या बरोबर खाली, तळाला भोकं. टाकीच्या हवेच्या पाइपाचं टोक करवतीने कापलेलं होतं, आणि काप इतका ताजा की त्यावर गंजसुद्धा चढला नव्हता. म्हणजे पॅटिओ घालणाऱ्यांनी तो पाइप पाहिला, कापला आणि वर काँक्रीट ओतलं. विक्रेत्याने घराबद्दल लिहून दिलेल्या डिस्क्लोजरमध्ये मात्र 'जमिनीखालील टाकी: माहिती नाही' असंच लिहिलेलं. याचा राग अजून जात नाही.

गळती राज्याच्या पर्यावरण खात्याला कळवणं बंधनकारक, तसं कळवलं. माती उपसणं, तपासणं, नवी भरणं यात २८ हजार डॉलर गेले. इन्शुरन्सच्या पॉलिसीत टाकी वगळलेली होती. वकिलाने एलएलसीचा माग काढला, तर ती कधीच बंद केलेली.

तेव्हा बॉयलर गॅसचा असला तरी टँक स्वीप कराच, आणि त्याची अट सही केल्यावरच्या तीन कामकाजाच्या दिवसांच्या अटर्नी रिव्ह्यूमध्येच (वकिलाने करार तपासण्याच्या मुदतीतच) वकिलाकडून करारात घालून घ्या. सीवरमध्ये (सांडपाण्याच्या पाइपात) कॅमेराही घालून बघा. जुन्या, अर्थिंग नसलेल्या दोन तारांवर कधीकधी तीन पिनांचे नवे सॉकेट बसवलेले असतात, तेही बऱ्याचदा साध्या टेस्टरने कळतं.

शिवाय टाऊनशिपकडे ओप्राचा (सरकारी नोंदी मागण्याच्या राज्याच्या कायद्याखालचा) अर्ज करून घराची परमिटं मागवा. नवं वायरिंग, प्लंबिंगमधले मोठे बदल, टाकी काढणं, अशा कामांना परमिट लागतं. मी हा अर्ज केला घर घेतल्यानंतर. आलेल्या फाइलमध्ये गेल्या वर्षभरातलं एकच परमिट होतं, वॉटर हीटरचं.