मुलींना सक्तीची भरती: इस्रायल की नॉर्वे?

इस्रायलमध्ये 1949 पासून मुलींनाही लष्कर सक्तीचं, पण लग्न झालं की सुटका, धार्मिक कारण दिलं की सुटका, आणि हवाई दलाच्या पायलट कोर्सच्या परीक्षेला नुसतं बसू द्या म्हणून ॲलिस मिलर नावाच्या तरुणीला सुप्रीम कोर्टात जावं लागलं, निकाल आला 1995 ला, म्हणजे सक्ती आहे पण बरोबरी अर्धीच. नॉर्वेत 2015 पासून मुलामुलींना एकच कायदा, घेतात थोड्यांनाच आणि इच्छा आहे का तेही बघतात. काही बराकीत तर खोलीही एकच, वरच्या बंकवर मुलगी, खाली मुलगा (आपल्याकडच्या आया ऐकूनच चक्कर येऊन पडतील!). मला नॉर्वेचं जास्त पटतं. अर्थात इस्रायलसारखं सतत युद्ध दारात असतं तर नॉर्वेला एवढं निवडून घेणं परवडलं असतं का, कोण जाणे.